अंजनाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या

गल्लीतले गुरुजी तीन वेळा घरी येऊन गेले. दिवाळी अंकात तुमचं काहीतरी पाहिजेच म्हणाले. मी म्हणलं, "गुरुजी, मी डॉक्टर न्हाई, फार्मासिस्ट न्हाई, दुकानाचा मालक बी न्हाई. मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहिलो, एवढंच. उभं राहण्याचं काय लिहायचं?"

"उभं राहून काय बघितलं, ते लिहा."

मग मी अट घातली. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सुधारा, पण माझं म्हणणं सुधारायचं नाही. त्यांनी मान डोलावली, म्हणून लिहायला बसलो. तसंही लातूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, मला दुसरं काम काय आहे?

मी चौथी पास आहे. ऐन उमेदीत लातूरच्या एका औषधाच्या गोदामात खोकी उचलत होतो. खोक्यांवरची नावं बघून बघून इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकलो. आजही इंग्रजी पेपर समोर टाकला तर एक ओळ लागायची नाही. पण औषधाचं नाव कितीही वाकडं लिहिलेलं असो, मला लागतं. अप्पा त्या गोदामात माल घ्यायला यायचे. उदगीरकडचे, कपाळाला भस्म, बोलणं कमी. त्यांनी नायगावला मेडिकल टाकलं तेव्हा मला म्हणाले, "उचलायचं काम लई झालं. आता द्यायचं काम कर." त्या दिवसापासून चाळीस वर्षं मी देत राहिलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेडिकल म्हणजे चिठ्ठी घ्यायची, फळीवरून डबी काढायची, पैसे घ्यायचे. तसं असतं तर मी एका वर्षात पळालो असतो. आमच्याकडं चिठ्ठी घेऊन येणारा दहात एखादा. बाकीचे म्हणणार, "मागल्या टायमाची द्या." मागल्या टायमाची म्हणजे कोणची? "ती न्हाई का, पांढरी, मधी रेघ असलेली." पांढऱ्या आणि मधी रेघ असलेल्या गोळ्या माझ्याकडं शंभर होत्या. कुणी गोळ्यांचा रिकामा पत्ता घेऊन येणार, तो नेमका नावाच्या बाजूनं फाडलेला. धर्माबादकडचे लोक अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलून 'मंदु', म्हणजे औषध, मागायचे आणि छातीवर हात ठेवून दाखवायचे. एक म्हातारा रिकामा पत्ता पटक्याच्या पदरात बांधून आणायचा. गाठ सोडायला त्याला इतका वेळ लागायचा, की तोवर मी त्याची गोळी काढून ठेवलेली असायची.

कुणाला काय चालू आहे, कधीपासून आहे, कशानं अंगावर पुरळ उठलं होतं, समदं माझ्या डोक्यात. वही नाही, कॉम्प्युटर नाही. त्याचा मला लई गर्व होता. आजही आहे, पण त्या गर्वाला एक खोक पडली. ती कशी पडली, तेच सांगतो.

आमच्या दुकानात खोकल्याची एक लाल बाटली मिळायची. कंपनीचीच होती, पण लोक तिला 'मामाची बाटली' म्हणायचे, कारण कोण कसा खोकतो ते ऐकून मी ती द्यायचो. सुका खोकला वेगळा, कफाचा वेगळा, बिडीचा वेगळा. लोक दवाखान्यात न जाता आधी माझ्यासमोर येऊन खोकायचे. मी डोळे मिटून ऐकायचो, अन् बाटली काढायचो. मग दोन चमचे सकाळी, दोन रात्री. कधी सोबत चार गोळ्या. चिठ्ठी कोण मागतंय?

अप्पा गेल्यावर दुकान त्यांच्या नातीकडं आलं. रेवती. औषधाचं शिक्षण नांदेडला घेऊन आली. लहानपणी माझ्या काउंटरवर बसून गोळ्यांची रिकामी खोकी मांडून खेळायची. आता भिंतीवर तिच्या नावाचं सर्टिफिकेट लागलं. मी तिला 'रेवा' म्हणायचो आणि ती मला 'मामा'. समदा तालुकाच मला मामा म्हणायचा.

करोना येऊन गेल्यावर एकदा मोटारसायकलवर एक सरकारी साहेब आले. क्षयरोगाच्या खात्यात होते, सुपरवायझर. रेवतीसमोर कागद ठेवून म्हणाले, "आता मेडिकलवाल्यांना बी सरकार सोबत घेऊन राहिलंय. खाजगी डॉक्टरकडच्या टीबीच्या पेशंटला गोळ्या आम्ही देणार, फुकट. तुमी फक्त दुकानातून वाटायच्या. दोन हप्त्याच्या वर कुनी खोकत असंल तर थुंकी तपासायला पाठवायचं. दर पेशंटमागं दुकानाला थोडे पैसे मिळत्यात. बीपी-शुगर बी दुकानातच तपासा म्हणत्यात वरून."

मी मधीच म्हणलं, "साहेब, टीबीचे पेशंट इथं उभे राहिले तर बाकीचे लोक पायरी चढतील का? करोनात बघितलं न्हाई का? एक जण खोकला की रांग मोडायची."

"मामा, ते पेशंट आजबी तुमच्याच पायरीवर उभे असत्यात. तुमाला मालूम नसतंय एवढंच."

मला राग आला. मला मालूम नसतंय? मी पाठ फिरवून फळीवरच्या डब्या उगंच सरळ करत बसलो. रेवतीनं सही केली.

महिनाभर मी त्या कामाला हात लावला नाही. रेवती बीपीचं मशीन घेऊन आली. दंडाला पट्टा, बटण दाबलं की आकडे. तिनं मला शिकवलं, मी शिकलो, पण तोंड वाकडं करूनच.

मग अंजना आली. हे तिचं खरं नाव नाही. तिच्या गावाचं नावही लिहीत नाही, का ते पुढं कळेलच. नायगावपासून टमटमनं अर्ध्या तासावरचं खेडं. पंचविशीची सून, कडेवर दोन वर्षांची पोरगी. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन यायची, गर्दी कमी व्हायची वाट बघत बाजूला उभी राहायची, अन् मग पदर तोंडाला लावून खोकायची. त्या दिवशीही मी तिच्याकडं न बघताच हात लाल बाटलीकडं नेला.

रेवती मागून म्हणाली, "मामा, थांबा. ह्यांना आधी कधी दिलीय का ही?"

"दिलीय की. लांबून येती बिचारी. खास माझ्या हाताची बाटली न्यायला."

"किती दिल्या?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या त्या डोक्यातून आकडा आला. जोंधळ्याच्या काढणीत एक. मग पाडव्याच्या आधी एक. मग लग्नसराईत तीन. पोरीला ताप होता तेव्हा एक, त्याबरोबर चार गोळ्या. मागच्या महिन्यात एक. आज हातात होती ती वेगळीच.

"सात," मी म्हणलं.

रेवतीनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि परत फळीवर ठेवली. चाळीस वर्षांत माझ्या हातातून कुणी बाटली काढून घेतली नव्हती.

अंजनाला आत बसवून रेवतीनं विचारलं. वजन उतरलंय का? उतरलंय. संध्याकाळी कणकण असते? असते. आणि घरात कुणाला सांगितलंय? त्यावर ती पोरगी एकदम उठली.

"ताई, नुसती बाटली द्या, मी जाते. माझ्या जावंच्या भैनीला ही बिमारी झालती. तिला माहेरी आणून टाकलं अन् लेकरू ठिवून घेतलं. दुसरी केली त्यानं. मला माहेरी नुसती एक म्हातारी आई हाय, तिलाच दिसत न्हाई. माझं लेकरू माझ्यापाशी राहू द्या."

सरकारी दवाखान्यात थुंकी द्यायला जायचं म्हणलं तर तिथं तिच्या गावचे दहा जण भेटायचे. मग रेवतीनं साहेबांना फोन केला. त्यांनी थुंकीची डबी दुकानात आणून दिली, भरून नेली, आणि पुढच्या बाजाराला निकाल आला. टीबी होता. छातीच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. सहा महिने, रोज सकाळी, उपाशीपोटी, एक दिवसाचा खाडा नाही. पोरीलाही तपासून घ्यायला लावलं. देवाची कृपा, पोरगी साफ निघाली.

सरकार पेशंटला खायला-प्यायला म्हणून दर महिन्याला पैसे देतं, ते बँकेत येतात. फॉर्मवर मोबाईल नंबर पाहिजे होता. अंजना म्हणाली, "मोबाईल ह्यांच्यापाशी असतोय. मेसेज आला की इचारतील कशाचे म्हनून." तिनं ते पैसे नको म्हणून सांगितलं. साहेब बेजार झाले, म्हणाले, उभ्या नोकरीत पैसे नको म्हणणारा पेशंट बघितला नाही. मग तिच्यामागं दुकानाला जे पैसे मिळणार होते, त्यातून रेवती दर बाजाराला शेंगदाण्याचे लाडू बांधून आणायला लागली. इथंच उभं राहून दोन खायचे, बाकीचे पिशवीत.

गोळ्या मात्र मी माझ्याकडं घेतल्या. रेवतीला म्हणलं, "सात बाटल्या मी दिल्यात. गोळ्या बी मीच देणार."

"द्या मामा. पण समजावून सांगा नीट. उपाशीपोटी, एकदम सगळ्या. आणि ह्या गोळीनं लघवी लाल होते, ते आधी सांगून ठेवा. नाहीतर माणूस घाबरतो."

"सांगतो की."

अंजना पायरीवर आली तेव्हा बाजूला खताच्या दुकानातले दोघं उभे होते आणि एक शाळेचा मास्तर. मी तिला समदं सांगितलं. उपाशीपोटी कसं घ्यायचं, लपवायचं तर लपव पण ओल लागू देऊ नको. तेवढी एक गोष्ट राहिली. लेकीच्या वयाची बाई, पदर डोक्यावरून, खाली बघून उभी. तिला मी पुरुष माणूस, चार जणांसमोर, लघवीचं कसं बोलू? जीभच उचलेना. पुढच्या टायमाला रेवतीला सांगायला लावू, असं मनाशी म्हणलं आणि पिशवी तिच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराला अंजना आली नाही.

मी संध्याकाळी सुटणाऱ्या शेवटच्या टमटमपर्यंत पायरीवर उभा होतो. रेवतीनं विचारलं, "मामा, लाल होते ते सांगितलं होतं ना?" मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणलं, "न्हाई सांगितलं. तोंड उघडलं न्हाई माझं."

"अहो मामा! तिला वाटणार रक्त जायलंय!"

फोन करायचा तर फोन नवऱ्याकडं. साहेबाला पाठवावं तर गावात बोभाटा. मध्येच सोडल्या की रोग त्या गोळ्यांना दाद देत नाही, मग दोन-दोन वर्षं इलाज, हे तर मी भिंतीवरच्या कागदावर मराठीतच वाचलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बीपीचं मशीन पिशवीत घातलं. रेवतीला म्हणलं, "सरकार म्हणतंय ना, बीपी तपासा म्हनून? मी तपासून येतो." ती माझ्याकडं बघतच राहिली. चाळीस वर्षांत मी लग्नकार्याशिवाय काउंटर सोडलेला नव्हता.

त्या गावात उतरलो, विचारत विचारत अंजनाच्या दारात गेलो, तर ओट्यावर तिची सासू शेंगा फोडत बसलेली. आणि ती कोण निघावी? माझीच गिऱ्हाईक. बीपीची गोळी न्यायची दर महिन्याला. तिला इथं पारूआक्का म्हणतो. तिची सून म्हणजे अंजना, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या एवढ्या मोठ्या डोक्यात कुणाची सून कोण, ते साठवलेलं नव्हतं.

"अगं बया! मेडिकलवाले मामा! तुमी अन् आमच्या दारात? कुनी मेलं का काय?"

"कुनी मरू नये म्हनूनच आलो, आक्का. सरकारचं फर्मान हाय. बीपी तपासून राहिलो घरोघर. फुकट."

"फुकट हाय का? मग सुई बी असंल."

"सुई न्हाई. नुसता पट्टा बांधायचा दंडाला."

फुकट हा शब्द भिंतीवरून पलीकडं गेला आणि पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. बाया बाह्या वर करून रांगेत बसल्या. मी पट्टा बांधतोय, बटण दाबतोय, आकडा सांगतोय. एकीचा एकशेवीस आला, एकदम चांगला. ती म्हणते, "शेजारणीचा एकशेचाळीस अन् माझा कमी कामून? तिला नीट बांधला, मला ढिला बांधला. परत बघा." परत बांधला. एकशेअठरा. ती रुसून उठली.

पारूआक्काचा आकडा बघून मात्र माझाच चढला. "आक्का, गोळी रोज घेऊन राहिल्या ना?"

"घेते की. येक दिवस आड. रोज खाल्ली तर लवकर सपतीय ना!"

मी तिला रागावलो, रोज घ्यायला कबूल करून घेतलं. पण माझं ध्यान दाराकडं होतं. अंजना उंबऱ्याच्या आत उभी होती, पोरगी पायाशी. चेहरा पार उतरलेला. मला बघून तिचा हात दाराच्या चौकटीवर गच्च झाला. तिला वाटलं, मी सांगायला आलोय.

पारूआक्का म्हणाली, "हिचा बी बघा मामा. वाळून काटकी झालीय. दोन दिस झाले, काय खाईना बी."

अंजना येऊन बसली. मी पट्टा गुंडाळायला लागलो. सासू हातभर अंतरावर, मागं पंधरा बाया. कानात बोलायची सोय नाही. आणि बोलायचं ते तर बोलायलाच पाहिजे. मी एकदा घसा खाकरला आणि समद्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणलं,

"ऐका गं बायांनो! दवाई घेणाऱ्या समद्यांनाच सांगून राहिलो. काही गोळ्या अशा असत्यात की त्या घेतल्या की लघवी लाल व्हते. शेंदरावानी. ते रगत नसतंय. गोळीचा रंग असतोय. भिऊन गोळी बंद करायची न्हाई. बंद केली की बिमारी उसळून येते अन् मग कुन्याच दवाईला ऐकत न्हाई!"

पदर तोंडाला लावून एक हसली, मग दुसरी, मग समद्या. एक म्हातारी म्हणाली, "मामा, केस पांढरे झाले की वो! बायामंदी बसून काय बोलून राहिलाव? लाज हाय का न्हाई?"

"लई लाज व्हती आज्जी. म्हनून तर बोलायला उशीर झाला."

पारूआक्का हसली नाही. तिनं विचारलं, "माझ्या गोळीनं व्हते का?"

"न्हाई आक्का. तुमच्या न्हाई."

"मग कुन्या गोळीनं?"

मी पट्टा सोडून परत गुंडाळायला लागलो. म्हणलं, "असत्यात बऱ्याच. ताकदीच्या गोळीनं सुदीक रंग बदलतोय. समद्यांची नावं कुठं सांगू? चौथी शिकलोय मी."

चौथी शिकल्याचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला, तो त्या दिवशी.

मशीननं आकडा दाखवला. अंजनाच्या दंडावर पट्टा दोनदा फिरूनही सैल होता. तिनं मान वर केली नाही. हळू विचारलं, "मामा, समदं बरोबर हाय का?"

"समदं बरोबर हाय, माय. जसं चालू व्हतं तसंच चालू ठेव."

बायांना वाटलं, बीपीचं चाललंय.

पुढच्या बाजाराला ती पायरीवर आली. पाच दिवस सुटले होते. रेवतीनं डॉक्टरला विचारून ते पुढं जोडले. त्यानंतर एक खाडा नाही. गोळ्या ती जवारीच्या कणगीत, फडक्यात बांधून लपवायची, हे तिनं मला कधीतरी सांगितलं. दोन महिन्यांनी खोकला थांबला. मग चेहरा भरला. मग एकदा ती खताच्या दुकानातल्या माणसाशी भावावरून भांडताना दिसली, तेव्हा मी मनात म्हणलं, आता ही जगली.

सहा महिने झाले, शेवटची थुंकी साफ आली. रेवतीनं निकाल वाचून दाखवला. अंजनानं लाडू तोंडात घातला होता, तो तसाच धरून ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, आता कधी येऊ?"

"आता यायचं न्हाई."

"परत कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई. तुझं इथं काय काम?"

ती पायरी उतरून गेली. ह्या धंद्याची हीच खोड आहे. ज्याचं नीट झालं, तो परत येत नाही. येतात ते बीपीवाले, शुगरवाले, ज्यांचं कधीच नीट व्हायचं नाही. मला दर बाजाराला वाटायचं, ह्या पोरीला एखादी डोकेदुखी का होईना. मग स्वतःचीच लाज वाटायची.

पारूआक्का मात्र यायची. मी तिला गोळी देताना विचारायचो, "घरी समदे बरे?" ती म्हणायची, "बरे हायत." एवढ्यावर माझं भागायचं नाही. "सूनबाई, लेकरू?" "सून लई कामाची हाय वो. आता तर शेतातबी जाती." मी मग गोळ्यांचा पत्ता उगंच उलटासुलटा करून बघायचो, म्हणजे ती अजून दोन शब्द बोलावी. कधी बोलायची, कधी टमटम चुकतंय म्हणून निघायची.

आमच्या दुकानाचं काम वाढलं. टीबीचे पेशंट वाढले, बीपी-शुगरला रांग लागली, सरकारनं नवा बोर्ड लावून दिला. मग वरून तपासणी आली. अधिकारी चांगले होते, वाईट बोलले नाहीत. माझ्याकडं बोट करून रेवतीला विचारलं, "हे कोण?"

"हे मामा."

"मामा ही काय पोस्ट हाय का?"

औषध हातात देणारा माणूस शिकलेला, नोंदणीचा पाहिजे, असा कायदा आधीपासूनच होता. आता सरकारचं काम दुकानात आल्यावर तो पाळायला लागणारच. आणि सात बाटल्या ज्यानं दिल्या, त्यानं कायद्याला काय बोलायचं? रेवती म्हणाली, "मामा, तुम्ही बीपीच्या मशीनपाशी स्टुलावर बसा. लोकांना तुम्हीच पाहिजे." मी म्हणलं, "ज्या स्टुलावर गिऱ्हाईक बसतंय, तिथं मी बसणार न्हाई. उभा राहीन तर काउंटरच्या आतल्या बाजूला." तिनं डोळे पुसले. मी चष्मा पिशवीत टाकला आणि निघालो. तेव्हा ते मोठं मर्दासारखं वाटलं होतं. आता वाटतं, बसलो असतो तर काय झालं असतं? स्टूलच होतं ना.

लातूरला मुलाकडं कशाची कमी नाही. सून जीव लावते. माझ्या बीपीच्या गोळ्या मोबाईलवरून मागवते, हेल्मेट घातलेला माणूस येतो, खोकं देतो, निघून जातो. तो कधी विचारत नाही, रोज घेता का एक दिवस आड. मी गोळ्या काढून पत्त्यावरचं नाव वाचतो, तारीख वाचतो, बोटांना तेवढंच काम. सकाळी नऊ वाजले की पाय दुखतात. उभं न राहिल्यामुळं दुखतात, हे डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. नवीन खोकं उघडलं की येणारा वास, पत्ता कात्रीनं कापल्याचा आवाज, पायरीवर चप्पल काढताना बायांची कुजबुज, हे आता कुठून आणायचं?

दर महिन्याला मी रेवतीला फोन करतो. ती दुकानाचं समदं सांगते. मी ऐकून घेतो आणि शेवटाला विचारतो, पारूआक्का आल्त्या का? मागच्या महिन्यात ती म्हणाली, "नाही मामा. त्यांचे गुडघे धरलेत. ह्या खेपेला गोळ्या न्यायला सून आली होती."

मी उठून बसलो. "कोण सून?"

"आपलीच. पोरीला घेऊन आली होती. पोरगी शाळेत जाते आता, काउंटरवरचा बोर्ड वाचून दाखवला मला."

"मग? काय म्हणली?"

"काउंटरच्या आत बघत होती. म्हणली, मामा कुठं हायत? मी म्हणलं, लातूरला असतात, मुलाकडं."

"मग?"

"मग थोडा वेळ उभी राहिली. गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या, गेली. बाजाराचा दिवस, गर्दी होती मामा, मलाही बोलता आलं नाही."

चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली रस्ता दिसतो. मी तिकडं बघत राहिलो. रेवतीला वाटलं फोन कटला. "मामा? आहात ना?"

"हाय. रेवा, येक सांग. उभी व्हती तेवढ्यात खोकली का?"

"नाही मामा. एकदा सुद्धा नाही."

"नीट ऐकलंस ना?"

"नीट ऐकलं."

"मग बरं हाय," मी म्हणलं, आणि फोन ठेवला.